मनाच्या डॉक्टरांनी तोंड कधी उघडावं?

हाडांच्या डॉक्टरला एक्स-रे मिळतो, हृदयाच्या डॉक्टरला ईसीजीची पट्टी मिळते. मानसोपचार करणाऱ्याच्या हाती असं काही नसतं. समोरचा माणूस जे बोलेल त्यावरच निदानही उभं राहतं आणि उपचारही. आणि माणूस बोलतो कधी? इथलं बोलणं या दाराबाहेर जाणार नाही अशी खात्री पटली तर. म्हणून या क्षेत्रात गुप्तता उपचारातच मोडते.

ही जाण जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रीक शपथेत ती आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात नव्या वैद्याला जो उपदेश केलेला आहे त्यातही ती आहे: रुग्णाच्या घरात जे कळेल ते वैद्याने बाहेर बोलू नये. पण रुग्ण जे बोलला त्यात तिसऱ्याच कुणाचा जीव अडकलेला असेल तर काय करायचं, याचं उत्तर दोन्हीकडे सापडत नाही. ते कोर्टात निघायला विसाव्या शतकाचं आठवं दशक उजाडावं लागलं, आणि ज्या खटल्यातून ते निघालं त्याच्या मध्यभागी एक भारतीय विद्यार्थी होता.

१९६७ साली बंगालमधला एक तरुण नौकाबांधणीचं उच्च शिक्षण घ्यायला अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात आला. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये तो राहायचा. पुढच्या वर्षी तिथल्या लोकनृत्याच्या वर्गात त्याची तातियाना तारासॉफ या मुलीशी ओळख झाली. नववर्षाच्या आदल्या रात्री तिने त्याचं चुंबन घेतलं. तिच्या लेखी ती मैत्रीतली सहज गोष्ट होती, त्याने मात्र त्यात वचन वाचलं. आपल्याला असं काही नको, हे तिने सांगितल्यावर तो खचला. अभ्यास सुटला, खाणंपिणं सुटलं, माणसं टाळून तो एकटाच राहू लागला. १९६९च्या उन्हाळ्यात तातियाना ब्राझीलला गेली आणि एका मित्राच्या आग्रहावरून हा विद्यापीठाच्या रुग्णालयात मानसोपचारासाठी जाऊ लागला.

(त्याचं नाव निकालपत्रात आहे आणि कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. रुग्णाच्या गुप्ततेवरच्या लेखात ते नसलं तर बिघडत नाही.)

त्याच्यावर उपचार करत होते डॉ. लॉरेन्स मूर. ते मानसशास्त्रज्ञ होते. २० ऑगस्ट १९६९ रोजी त्याने मूर यांना सांगितलं की ती मुलगी परतली की आपण तिला मारणार. नाव त्याने घेतलं नाही, पण कुणाबद्दल बोलणं चाललंय ते ओळखणं अवघड नव्हतं. मूर यांनी दोन सहकारी डॉक्टरांशी विचारविनिमय केला आणि त्याला निरीक्षणासाठी रुग्णालयात ठेवायला हवं असं तिघांनी ठरवलं. मूर यांनी विद्यापीठाच्या पोलिसांना आधी तोंडी आणि मग पत्राने कळवलं. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, चौकशी केली. तो ठीकठाक बोलला. मुलीपासून लांब राहीन, असा शब्द त्याने दिला आणि पोलिसांनी त्याला सोडून दिलं.

यानंतर जे घडलं ते आज वाचतानाही विश्वास बसत नाही. मानसोपचार विभागाचे प्रमुख डॉ. हार्वी पॉवेलसन यांनी पोलिसांकडून मूर यांचं पत्र परत मागवलं. पत्राच्या प्रती आणि उपचाराची टिपणं नष्ट करायला सांगितली, आणि त्या तरुणाला रुग्णालयात ठेवण्यासाठी पुढे काही करू नये असा आदेश दिला. पोलीस येऊन गेल्यावर तो तरुण उपचाराला फिरकलाच नाही. दरम्यान त्याने तातियानाच्या भावाशी दोस्ती वाढवून त्याच्याबरोबर खोली घेतली होती, तीही तिच्या घराजवळ. एवढ्या सगळ्यात तातियानाला किंवा तिच्या आईवडिलांना कुणीही एका शब्दाने काही कळवलं नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याने तिच्या घरी जाऊन चाकूने तिचा खून केला आणि मग स्वतःच पोलिसांना फोन केला.

फौजदारी खटल्यात त्याला शिक्षा झाली, पण ज्यूरीला दिलेल्या सूचनांमध्ये चूक निघाल्यामुळे १९७४ साली ती रद्द झाली. फेरखटला झाला नाही आणि तो भारतात परतला. इतिहास घडला तो दुसऱ्या, दिवाणी खटल्यात. तातियानाच्या आईवडिलांनी विद्यापीठ, डॉक्टर आणि पोलीस यांच्यावर दावा लावला. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्या मुलीच्या जिवाला धोका आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, मग आम्हाला का सांगितलं नाही?

कायद्याच्या दृष्टीने हा दावा टिकणं कठीण होतं. इंग्रजी परंपरेच्या कायद्यात ज्याच्याशी आपलं काही नातं नाही अशा माणसाला वाचवण्याची सक्ती कुणावर नसते. तळ्यात बुडणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघत काठावर उभा राहणारा माणूस नीच ठरेल, गुन्हेगार ठरणार नाही. तातियाना कुणाची रुग्ण नव्हती. तिची आणि मूर यांची गाठही पडलेली नव्हती. खालच्या कोर्टांनी म्हणूनच दावा फेटाळला होता.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. डिसेंबर १९७४मध्ये निकाल आला की उपचार करणाऱ्यावर धोक्यातल्या व्यक्तीला सावध करण्याचं कर्तव्य आहे. यावर मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनांनी एवढा गदारोळ केला की न्यायालयाने स्वतःचाच निकाल पुन्हा सुनावणीला घेतला, आणि असं सहसा घडत नाही. १ जुलै १९७६ रोजी न्या. मॅथ्यू टोब्रिनर यांनी लिहिलेला दुसरा निकाल आला आणि तोच जगभर गेला. त्यात कर्तव्य सावध करण्यापुरतं न ठेवता संरक्षणाचं केलं: त्या व्यक्तीला किंवा तिच्या जवळच्यांना कळवा, पोलिसांना कळवा, परिस्थितीनुसार जे वाजवी असेल ते करा, पण काही तरी करा. पोलिसांची मात्र या निकालात सुटका झाली. संसर्गजन्य रोगाचा रुग्ण हाताळणाऱ्या डॉक्टरवर त्याच्या घरच्यांबद्दल जी जबाबदारी येते, तीच इथे लावली गेली.

डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप हलका नव्हता. कोण हिंसा करेल हे आम्हाला खात्रीने सांगता येत नाही, असं त्यांनी न्यायालयाला कळवलं होतं. रागाच्या भरात ‘जीवच घेतो त्याचा’ म्हणणारे रुग्ण रोज येतात, त्यातले बहुतेक कुणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत. न्यायालयाचं उत्तर असं की भविष्य अचूक सांगा असं कुणी म्हणत नाही. तुमच्या व्यवसायातला सामान्य जाणकार जेवढी काळजी घेईल तेवढी घ्या. शिवाय या प्रकरणात मूर यांनी धोका बरोबर ओळखलेलाच होता. न्या. विल्यम क्लार्क यांनी भिन्नमत नोंदवलं: गुप्ततेची हमी गेली की ज्यांना उपचारांची सर्वाधिक गरज तेच दाराशी येणार नाहीत आणि हिंसा उलट वाढेल. पोलीस येऊन गेल्यावर त्या तरुणाने उपचार सोडले, हे लक्षात घेतलं तर क्लार्क यांची भीती पोकळ म्हणता येत नाही. तरी मला टोब्रिनर यांचं पारडं जड वाटतं. मूर यांच्याकडून गुपित पोलिसांपर्यंत गेलंच होतं. गेलं नाही ते फक्त जिचा जीव जाणार होता तिच्यापर्यंत.

दावा पुढे कोर्टाबाहेर मिटला, पण निकालाची लाट थांबली नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी असं कर्तव्य कायद्यात लिहिलं. काहींनी डॉक्टरला बोलण्याची मुभा दिली, सक्ती केली नाही. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली हे कर्तव्य साफ नाकारलं. खुद्द कॅलिफोर्नियाने १९८५ साली कायदा करून जबाबदारीला कुंपण घातलं: रुग्णाने ओळखता येईल अशा व्यक्तीविरुद्ध गंभीर हिंसेची धमकी प्रत्यक्ष दिली असेल, तरच.

इंग्लंडमधलं डॉ. हेन्री एग्डेल यांचं प्रकरण वेगळ्याच वळणाचं आहे. पाच जणांचा जीव घेऊन बंदिस्त मनोरुग्णालयात ठेवलेल्या एका माणसाला सुटकेच्या वाटेवर पाऊल टाकायचं होतं. त्याच्याच वकिलांनी एग्डेल यांच्याकडून अहवाल मागवला. अहवाल उलटा आला. या माणसाला घरगुती बॉम्बचा जुना नाद आहे आणि तो अजूनही धोकादायक आहे, असं त्यात होतं. वकिलांनी अर्जच मागे घेतला आणि अहवाल दाबला. एग्डेल यांनी तो रुग्णालयाकडे पाठवला आणि सरकारकडेही जाऊ दिला. रुग्णाने दावा लावला, पण अपील न्यायालय डॉक्टरांच्या बाजूने उभं राहिलं. तिथे धोक्यात कुणी ठरावीक व्यक्ती नव्हती, सगळा समाज होता.

तोंड न उघडल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे २४ मार्च २०१५ रोजी दिसलं. बार्सिलोनाहून डुसेलडॉर्फला निघालेलं जर्मनविंग्ज कंपनीचं विमान सहवैमानिकाने जाणूनबुजून फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात आदळवलं. विमानातले सर्वच्या सर्व १५० जण मेले. सहवैमानिकाला आधीही नैराश्याचा झटका येऊन गेला होता. अपघाताच्या दोन आठवडे आधी एका डॉक्टरने त्याला मनोरुग्णालयात दाखल होण्याचा सल्ला दिला होता. कामावर जाऊ नये अशी डॉक्टरांची चिठ्ठीही त्याच्याकडे होती. ती त्याने कंपनीला दाखवलीच नाही. डॉक्टरांपैकी कुणी विमान कंपनीला किंवा हवाई वाहतूक खात्याला कळवलं नाही. जर्मन दंडसंहितेच्या कलम २०३ नुसार रुग्णाचं गुपित फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तातडीचा धोका टाळण्यासाठी बोलण्याची सूट त्याच संहितेत आहे, पण ती केव्हा लागू पडते हे धूसर होतं, आणि धूसर कायद्यापुढे माणूस गप्प बसणंच पसंत करतो. फ्रेंच तपास यंत्रणेने २०१६च्या अंतिम अहवालात शिफारस केली ती हीच: सार्वजनिक सुरक्षेसाठी डॉक्टरने गुप्तता केव्हा मोडावी, याचे स्पष्ट नियम करा.

आता आपल्याकडे. भारतात वकिलाला आपल्या अशिलाचं गुपित कोर्टातही राखता येतं. १८७२च्या पुरावा कायद्यात ती तरतूद होती आणि त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. डॉक्टरला ते संरक्षण नाही. न्यायाधीशाने विचारलं तर सांगावं लागतं. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या आचारनियमांत डॉक्टरने गुपित फोडू नये असं म्हटलं आहे आणि लगेच अपवाद दिले आहेत: न्यायालयाचा आदेश, कळवणं बंधनकारक असलेले रोग, आणि ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर, ओळखता येणारा धोका. तारासॉफ खटल्याची सावली या शेवटच्या अपवादावर दिसते. त्याआधी, १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका एचआयव्हीबाधित तरुणाच्या प्रकरणात असाच विचार केला होता. रुग्णालयातून त्याच्या आजाराची माहिती बाहेर गेली आणि ठरलेलं लग्न मोडलं. त्याने भरपाई मागितली. न्यायालयाने ती नाकारली, कारण वधूला आपलं आरोग्य जपण्याचा हक्क होता.

मानसिक आरोग्याबद्दल नेमकं लिहिलं गेलं ते मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये. या कायद्याच्या मसुद्यामागे पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या अभ्यासकांचं, विशेषतः डॉ. सौमित्र पठारे यांचं मोठं काम आहे. २०१८ पासून तो लागू आहे. त्याचं कलम २३ आजारी व्यक्तीला गुप्ततेचा हक्क देतं आणि अपवादही मोजून सांगतं. दुसऱ्या कुणाला इजा किंवा हिंसा होऊ नये यासाठी माहिती देता येते, पण त्या धोक्यापुरतीच. जिवाला असलेला धोका टाळायला देता येते, उपचार करणाऱ्या इतर डॉक्टरांना देता येते, या कायद्याखाली नेमलेल्या मंडळाच्या किंवा उच्च न्यायालयाच्या आदेशावरून देता येते. म्हणजे ‘माझा शेजारी मला मारेल अशी भीती वाटते, म्हणून मीच आधी त्याचा काटा काढतो’ असं रुग्ण ठामपणे म्हणाला, तर शेजाऱ्याला सावध करता येईल. रुग्णाला कुठल्या गोळ्या चालू आहेत, त्याचा घटस्फोट का झाला, हे मात्र त्या शेजाऱ्याला सांगता येणार नाही. कलम २४ प्रसारमाध्यमांसाठी आहे: उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. कायदा पहिल्यांदा मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण खरं सांगायचं तर आपल्याकडे गुपित फुटतं ते पोलिसांकडे नाही, घराकडे. दवाखान्यात आई सोबत येते, भाऊ सोबत येतो, मोठी वहिनी सगळं कागदपत्र पिशवीत घेऊन बसते. सत्र संपताच वडील आत डोकावतात, ‘काय म्हणतेय हो आमची मुलगी?’ मुलगी सव्वीस वर्षांची असते. डॉक्टरही ओळखीचे, फी वडिलांनीच भरलेली, आणि चार वाक्यांत सगळं सांगून होतं. त्यातलं एखादं वाक्य पुढे लग्नाच्या बोलणीत उगवतं. कायद्याने यावर उपाय शोधला तो नामनिर्देशित प्रतिनिधीचा. सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपल्या वतीने कोण ते ठरवू शकते आणि पुढे कधीही बदलू शकते. ती बहीण असेल, मैत्रीण असेल, नवरा असेलच असं नाही. कुणाला नेमलं नसेल तर मग नातेवाइकांचा क्रम लागतो. आणि प्रतिनिधीलाही माहिती मिळते ती त्याचं काम पार पाडण्यापुरती. या कायद्यातली ही तरतूद मला सगळ्यांत मोलाची वाटते आणि सगळ्यांत कमी वापरली जाते असंही दिसतं. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात या कागदाचा एक कोरा नमुना प्रत्येकाच्या हातात पडायला हवा.

मुलांच्या बाबतीत चित्र उलटं आहे. तिथे गप्प बसणं हाच गुन्हा होऊ शकतो. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कुणालाही, समुपदेशकालाही, ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मला गुप्ततेचं बंधन होतं’ ही सबब चालत नाही. शाळेतल्या समुपदेशकापुढे पेच उभा राहतो तो इथे. सोळा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीने असलेल्या संबंधांबद्दल सांगते, आणि कायद्याच्या लेखी अठराखालील मर्जी ही मर्जीच नाही. याच भीतीने अशा मुली गर्भपातासाठी भोंदूंकडे जातात, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२मध्ये एक खिडकी उघडली: गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरने पॉक्सोखाली कळवताना, मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर, तिची ओळख उघड करायची गरज नाही. समुपदेशकाला अशी खिडकी कुणी दिलेली नाही.

समुपदेशकाचा विषय निघालाच आहे तर मोठं भगदाड तिथेच आहे. मानसोपचारतज्ज्ञाची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे. त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला जागा आहे. पण चार महिन्यांचा कोर्स करून ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावणाऱ्यावर, मोबाइलवरून ‘लाइफ कोचिंग’ देणाऱ्यावर कुठलीही परिषद नाही. २०२१च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात वर्तणूक आरोग्य व्यावसायिकांचा वर्ग आणला आहे. तो पुरता राबवला गेला तर ही फट बुजेल. तोवर अशा ठिकाणी बोललेलं गुपित राहील ते समोरच्याच्या सभ्यतेवर.

चांगला व्यावसायिक काय करतो ते मात्र फारसं वादात नाही. पहिल्याच भेटीत तो गुप्ततेची हद्द सांगतो: तुमचं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतलं, मुलावर अत्याचार समजला किंवा कोर्टाने विचारलं तर मला बोलावं लागेल. रुग्ण धमकीची भाषा करू लागला की तो पाहतो: मनात कुणी ठरावीक माणूस आहे का, बेत आखलाय का, हत्यार हाताशी आहे का. मग ज्येष्ठ सहकाऱ्याचा सल्ला घेतो, टिपण लिहून ठेवतो, आणि शक्य असेल तर रुग्णाला सांगूनच पुढचं पाऊल उचलतो. पॉवेलसन यांनी टिपणं नष्ट करायला सांगितली. आज तसं करणारा स्वतःच्याच बचावाचा पुरावा जाळतो आहे असं वकील सांगतील.

वाचकांपैकी कुणी स्वतःसाठी किंवा घरातल्या माणसासाठी समुपदेशकाकडे जाणार असेल तर फी विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: तुमची नोंदणी कुठे आहे, माझं बोलणं कुणाकुणाला कळू शकतं, आणि माझी टिपणं कुठे राहतात. नामनिर्देशित प्रतिनिधीचा कागद त्याच दिवशी लिहून द्यावा. आणि तेवढं थांबायची सवड नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते. तिथे मराठीत बोलता येतं.